आठचा पंखा

पंखा बोटीला नाही, ओझ्याला बसवायचा,
म्हणाला भुसावळचा रशीद मिस्त्री, हात रॉकेलात बुचकळत.
तुले काय न्यायचं ते सांग आधी,
मंग मी सांगतो पंखा.

मी म्हणालो, माणसं.
किती?
बसतील तितकी.
त्यानं हात पुसले, फडकं खांद्यावर टाकलं
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बरोबरच होतं त्याचं.
पंधराच्या इंजिनाला आधीच्या मालकाचा अकराचा पंखा होता.
तो हतनूरच्या पाण्यावर एकटाच फिरायचा, गळ टाकत.
अकराचा म्हणजे एका फेऱ्यात अकरा इंच पुढे,
कागदावर.
पाणी काही सागवान नव्हे
स्क्रू फिरवला की धरून ठेवायला.
निसटतं ते,
दर फेऱ्याला दोन-तीन इंचांची उधारी ठेवतं.

माझ्याकडे भरताच्या वांग्यांची सात पोती,
दोन मोटारसायकली, त्यातली एक ढकलत आणलेली,
आणि चांगदेवच्या काठावरून पलीकडे निघालेलं अर्धं गाव.
बोटीचं नाक वर, बूड खाली,
धूर पाण्यावर लोळत राहायचा,
काटा बेचाळीसशेच्या पुढे सरकत नव्हता
मूठ पूर्ण पिळली तरी.

मग कोकिळानं वही घातली.
चढेल त्याला वजन विचारायचं.
झेंडूबाई म्हणाली, मले काय इकायचं हाये?
अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या पंचावन्न,
बोट म्हणाली सत्तर.
उखर्डूनं स्वतःचं सांगितलं कोंबड्यांसकट,
आणि कोंबड्यांचं वेगळं, पुन्हा.
बेरीज नऊशे चाळीस.
कोकिळानं खाली दोन रेघा ओढल्या, शाळेत ओढायची तशा.

वही बघून रशीदनं तीन पंखे काढले,
तारेत ओवलेले. दहा, नऊ, आठ.
लावून बघ. भरून बघ. रिकाम्या बोटीचं मले सांगू नको.

स्टीलचा घेऊ का, मी विचारलं. चमकतो, टिकतो.
तो म्हणाला, खडकाले लागला तर पंखा वाचंन,
आतला गिअर जाईन.
ॲल्युमिनियम वाकू दे.
काय मोडावं, तेही आपणच ठरवायचं असतं.

मंगळवारी दहाचा. साडेचव्वेचाळीसशे.
बुधवारी नऊचा, सत्तेचाळीसशे. बरा वाटला,
पण मधे जलपर्णीचा पट्टा लागला आणि पुन्हा दम गेला.
शुक्रवारी आठचा.
पिन घातली, पक्कडीनं तिची टोकं दुमडली,
सगळे चढले, कोंबड्याही.
कोकिळा काट्यावर वाकलेली.
एकोणपन्नास, ती ओरडली, साडेएकोणपन्नास!
आणि नाक हळूच खाली आलं,
लेकरानं मान टाकावी तसं.
झेंडूबाईनं वळून पाहिलं, कोण ओरडलं म्हणून.

आता खरं सांगतो.
आठचा पंखा रिकाम्या बोटीला आवडत नाही.
संध्याकाळी एकटा परतताना
इंजिन सत्तावन्नशेवर किंचाळतं,
मूठ सोडावी लागते, आणि मी रांगत येतो घरी,
भरल्या बोटीपेक्षा हळू.
माझा मेव्हणा हसतो. एवढे पैसे घालून?

वैशाखात पाणी उतरलं
तेव्हा जुन्या गावठाणातून एक दगड उचलून आणला,
आमच्याच ओट्याचा असेल, किंवा शेजारच्यांचा,
चिखलात सगळे ओटे सारखेच दिसतात.
पासष्ट किलो. तो पुढे ठेवतो, नाकाशी.
त्यानं इंजिन फारसं उतरत नाही,
पन्नास-साठ फेरे, फार तर.

कोकिळानं वहीत त्याचीही ओळ घातली आहे.
नावाच्या रकान्यात नुसतं, दगड.
भाड्याच्या रकान्यात एक आडवी रेघ,
शिवरात्रीच्या जत्रेला म्हातारेकोतारे नेतो, त्यांच्यापुढे असते तशी.